मंजुरीसाठी थांबलेली कॉमेंट

मैनाताईच्या घराचं दार मला कधी लावलेलं दिसलं नाही. उन्हाळ्यात नाही, थंडीत नाही, घरात कुणी नसतानाही नाही. "अगं, कुत्रं शिरेल एखादं," मी म्हणायची. "शिरलं तर शिरलं, त्यालाबी भाकरी टाकीन," ती म्हणायची. मी तिच्या समोरच पिठाची गिरणी चालवते, त्यामुळे तिच्या दारावर माझा डोळा आपोआपच असतो. त्या उघड्या दारानंच तिचा घात केला. हे मी रागानं सांगते आहे, पण राग नक्की कुणाचा, ते मलाही धड सांगता यायचं नाही.

आमचं मखमलाबाद आता नाशकातच जमा आहे. ताईचे मालक पुंजारामभाऊ होते तेव्हा ताईच्या घरामागं शेवंतीचा आणि निशिगंधाचा मळा होता. भाऊ फुलं घेऊन बाजारात जायचे, ताई घरी वेण्या गुंफायची. भाऊ गेले, दिरांनी मळ्यात प्लॉट पाडले, आणि ताईच्या वाट्याला घरामागचा एक तुकडा उरला. त्यात तिनं मोगरा लावला, शेवंती लावली, कडेनं अबोली. बाकीची फुलं ती गावातल्या बागाईतदारांकडून आणते.

पोटी मूल नाही. पण वैष्णवी होती. ताईची धाकटी बहीण सायखेड्याला दिलेली. पोर लहान असतानाच बहीण गेली, बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि ताई सरळ जाऊन पोरीला कडेवर घेऊन आली. कुणाला विचारलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. वैष्णवी तिला मावशीच म्हणायची. "आई म्हणायला शिकव की तिला," शेजारच्या बायका म्हणायच्या. ताई म्हणायची, "आई तिची येगळी होती. मावशी काय कमी हाय का?"

पोरगी हुशार निघाली. कॉम्प्युटरचा कोर्स केला, शहरात एका ऑफिसात लागली. मग ताईनं चांगलं स्थळ बघून लग्न लावून दिलं, आणि सहा महिन्यांत पोरगी बॅग घेऊन दारात उभी. काय झालं ते मी सांगत बसत नाही. तिच्या दंडावरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, तेवढं पुरे. रीतसर सोडचिठ्ठी झाली. त्यानंतर दोन वर्षं ती इथंच होती, आणि त्या दोन वर्षांत तिनं मावशीला ऑनलाइन दुकान काढून दिलं.

दुकान कसलं, तर वाडीचं. गरोदर बाईची पाचव्या नाहीतर सातव्या महिन्यात फुलांची वाडी भरतात, म्हणजे तिला डोक्यापासून कमरेपर्यंत ताज्या फुलांचे दागिने घालतात. मुकुट, वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं फुलांचं. मैनाताईचा हात त्यात असा, की बघतच राहावं. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत गुंफायच्या, म्हणजे नेसून-सजून फोटो काढेपर्यंत त्या अंगावर उमलतात. ओल्या फडक्यात आणि केळीच्या पानात बांधून खोकं एसटीत द्यायचं, की सिन्नर, निफाड, सटाण्यापर्यंत ताजं जातं. वैष्णवीनं फोटो काढले, साइट बनवली, वर 'मैनाताईची वाडी' असं छान अक्षरात लिहिलं, आणि बायकांच्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं. धडाधड ऑर्डरी यायला लागल्या.

साइट सुरू केली त्या दुपारी मी ओट्यावर होते. वैष्णवी म्हणाली, "मावशी, प्रत्येक फोटोखाली लोकांना लिहिता येतं. कुणालाही, कुठल्याही नावानं. मी एक बटण लावून ठेवते. म्हणजे काय लिहिलंय ते आधी तुला दिसेल, आणि तू मंजूर केलंस की मगच ते सगळ्यांना दिसेल."

ताई गुंफता गुंफता थांबली. "म्हंजी आलेल्या मानसाला मी उंबऱ्याभायेर उभं करायचं? आन तोंड बघून आत घ्यायचं?"

"मावशी, हे घर नाहीये. साइट आहे."

"वर नाव कोनाचं हाय? माझं ना? मग घरच की."

"अगं, लोक काहीही लिहितात."

"लिहू दे. मानूस दोन शब्द बोलतंय ते काय वाईट?"

पोरगी हसायला लागली. माझ्याकडं बघून म्हणाली, "उज्वलाकाकू, तुम्ही तरी सांगा हिला." मी सांगितलं, लाव गं बाई ते बटण, हिचं काय ऐकतेस. पण ताईनं मान हलवली म्हणजे हलवली. बटण लागलं नाही.

पुढं वैष्णवीला दुसरं स्थळ आलं. सटाण्याचा शेखर, घरचा कांद्याचा व्यापार. मुलगा शांत, समजूतदार. पहिल्या लग्नाचं त्याला सांगितलं, त्याच्या आईलाही सांगितलं. नवसाबाई, म्हणजे शेखरची आई, म्हणाल्या, की मला पोरगी पसंत आहे, पण आमचा भाऊबंदांचा गोतावळा मोठा, त्यांच्या तोंडाला हात कोण लावणार? हे घरातल्या घरात राहू दे. ताई हो म्हणाली, वैष्णवी हो म्हणाली. लग्न घरगुती झालं आणि पोरगी सटाण्याला गेली.

त्यानंतर ते घर एवढं शांत झालं, की माझी गिरणी बंद असली की मला ताईच्या घरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू यायचं. खोटं नाही सांगत. पोरगी फोन करायची, पण सासरच्या घरात फोनवर किती बोलणार? पाच मिनिटं, की "मावशी, ठेवते, हाक मारतायत." ताई फोन ठेवायची आणि तिथंच बसून राहायची.

मग तिनं कॉमेंटी वाचायला धरलं. सकाळी फुलं गुंफून झाली, की चष्मा लावून ओट्यावर बसायची आणि रस्त्यापलीकडून मला वाचून दाखवायची. माझ्या गिरणीची घरघर चालू, आणि ही ओरडते आहे, "उज्वले, लासलगावच्या ताई आल्यात गं! गुडघा दुखतोय म्हनत्यात त्यांचा!" आल्यात म्हणायची. लिहिलंय म्हणायची नाही.

"ती बाई तुला ओळखते तरी का?" मी विचारायची.

"मी वळखते ना तिला."

एकेकीला उत्तर द्यायची. पण टाइप करायला तिला उशीर लागायचा, म्हणून एक वाक्य तिनं कायमचं करून ठेवलं होतं: 'या ताई, बरं वाटलं. असाच लोभ ठेवा.' बोट दाबून धरायचं, की ते वाक्य तसंच्या तसं उमटायचं. कुणी 'सुंदर' लिहिलं, की असाच लोभ ठेवा. कुणी नुसता अंगठा टाकला, तरी असाच लोभ ठेवा. एकदा कुण्या मेल्यानं तिच्याच फोटोखाली स्वतःचा नंबर टाकला, 'अशीच वाडी आमच्याकडे निम्म्या भावात'. त्यालाही ही बाई म्हणते, या, बरं वाटलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या ऑर्डरी तो पळवत होता आणि गिऱ्हाइकांना कापडाची फुलं पाठवत होता, वर बायका येऊन हिलाच शिव्या देत होत्या.

"अगं, हाकल की त्याला!"

"त्योबी पोटासाठीच करतोय," ती म्हणाली. "आन मला काढता कुठं येतंय? ते वैष्णवीला येतं."

मी कपाळाला हात लावला. या बाईपुढं मी किती वेळा हात टेकलेत, त्याला गणती नाही. पण खरं सांगू का, तिला तो नंबरवालासुद्धा हवा होता. दिवसभरात तिच्याशी बोलणारं कोण होतं? मी, आणि मीही पिठात माखलेली, अर्धं लक्ष जात्यावर. दिवेलागणीनंतर तर कुणीच नाही. त्या कॉमेंटी म्हणजे तिच्या घरी येणारी-जाणारी माणसं होती, आणि माणसं ती निवडून घेत नव्हती.

मग वैष्णवीला दिवस गेले.

काय सांगू त्या बाईचा आनंद! चालायची बंद झाली, नुसती पळायची. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे हेच घर. मागची खोली तिनं रंगवून घेतली. बाज दोरीनं नव्यानं विणून घेतली. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली, शेकायला शेगडी काढली, डिंक आणून ठेवला. "इतक्यात?" मी म्हटलं, "अजून सातवा पण लागला नाही." म्हणाली, "लागंल की. दिवस काय थांबत्यात? नववा लागला की ती येनार हितं. सव्वा महिना तरी सोडनार नाय मी. घरात पोर रडंल गं उज्वले, तुला तुझ्या गिरणीत ऐकू येईल."

सातव्या महिन्यात सटाण्याला वाडी भरली. फुलं अर्थातच इथली. आदल्या दिवशी ताईनं कुणाची ऑर्डर घेतली नाही. स्वतः खोकी घेऊन एसटीनं गेली, स्वतःच्या हातानं पोरीला सजवलं. परत आली तेव्हा फोनमध्ये फोटो. वैष्णवी झोपाळ्यावर बसलेली, हिरवी साडी, मोगऱ्याचा मुकुट, आणि तोंडावर ते हसू, जे पहिल्या लग्नानंतर आम्हाला दिसलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला सहसा येत नाही.

तो फोटो ताईनं साइटवर टाकला. एवढं तिला शिकवलेलं होतं. खाली लिहिलं: 'माझी वैष्णवी. सातव्या महिन्याची वाडी, सटाणा.'

दुसऱ्या दिवशी कॉमेंटींचा नुसता पाऊस. एवढी माणसं तिच्या दारात कधीच आली नव्हती. सटाण्याच्या सासरच्या बायका, इथल्या बायका, जुनी गिऱ्हाइकं. ताई ओट्यावर बसून बोट दाबून धरत होती. या ताई, बरं वाटलं. या ताई, बरं वाटलं. वाचायला कुठली सवड, तिला नुसतं सगळ्यांचं आगतस्वागत करायचं होतं.

दुपारी माझ्याकडं दळण घेऊन एक बाई आली. म्हणाली, "काकू, मैनामावशीनं हे काय लिहून ठेवलंय?" आणि फोन माझ्यापुढं धरला.

'एक हितचिंतक' अशा नावानं कुणीतरी लिहिलं होतं: 'वाडी छान. ही कितवी? पहिल्या घरी पण भरली होती का?'

आणि त्याच्या खाली मैनाताईचं उत्तर: 'या ताई, बरं वाटलं. असाच लोभ ठेवा.'

गिरणी बंद केली आणि तशीच रस्ता ओलांडून गेले. "ताई, वाच हे," म्हटलं. तिनं चष्मा पुसला, वाचलं. पुन्हा वाचलं. मग आपलंच उत्तर वाचलं. तिचा चेहरा असा झाला, की मला तिच्यावर ओरडताच येईना.

"कोन ही बाई?" ती म्हणाली.

"बाई का बुवा, कुणाला ठाऊक! आधी काढ ते."

"मला नाय येत काढता."

"मग वैष्णवीला लाव फोन."

"हे दाखवू तिला? सातव्या महिन्यात? नाय, नाय."

"मग थांब. चंदरकडं जाऊ, त्याला येत असेल." चंदर म्हणजे आमच्या चौकातला मोबाइलवाला. तेवढ्यात ती दळणवाली बाई गिरणीच्या दारातून हाका मारायला लागली, तिला घाई होती. मी म्हटलं, हिचं पीठ देते आणि आलेच, तोवर कशाला हात लावू नकोस. असं मी स्पष्ट शब्दांत म्हटलं होतं.

परत गेले तेव्हा ताई फोन मांडीवर ठेवून बसली होती. थोडी शांत दिसली. "सांगितलं मी तिला," म्हणाली.

"कुणाला?"

"त्या बाईला. घरी आलेलं मानूस वाकडं बोललं तर त्याला समजावून सांगावं. हाकलून दिलं तर ते भायेर जाऊन आनखी बोलतं."

मी फोन घेतला. तिनं एकेक अक्षर शोधून लिहिलं होतं: 'ताई असं बोलू नये. पहिल्या घरी माझ्या पोरीचे लय हाल केले. अंगावर हात टाकला. म्हणून ती परत आली. तिचा काहीच दोष नव्हता. सोन्यासारखी पोरगी आहे माझी. असाच लोभ ठेवा.'

"अगं ए बाई!" मी ओरडले. "काय केलंस हे! सटाण्याचे सगळे वाचतायत ना इथं!"

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. तोवर सटाण्याच्या बायकांनी वाचलं होतं. 'म्हणजे हे दुसरं का?' 'आम्हाला तर कुणी बोललं नाही.' 'शेखरला फसवलं म्हणा की.' कुणी त्या पहिल्या घरच्यांचं नाव-गाव घालून मोकळं झालं. आणि एकीनं लिहिलं होतं, 'लोकं कशाला काय बोलतील, खुद्द मावशीनंच सांगितलंय.'

ते शेवटचं वाक्य ताईनं किती वेळा वाचलं, देव जाणे. हितचिंतकानं नुसती काडी टाकली होती. घर पेटलं ते हिच्या चांगुलपणानं.

चंदर म्हणाला, पासवर्डशिवाय त्यालाही काही करता येणार नाही. वर म्हणाला, "मावशी, लिहिणारा कुणीही असो, पाटी तुमची आहे. उद्या त्या पहिल्या घरच्यांनी वकील गाठला, तर ते हितचिंतकाला शोधत बसणार नाहीत. तुमच्याच दारात येतील."

"माझ्या दारात वैष्णवी येईल का, तेवढं सांग," ताई म्हणाली.

संध्याकाळी फोटो गायब झाला. फोटोबरोबर खालचं सगळं बोलणंही गेलं. पासवर्ड एकीकडंच होता, म्हणजे वैष्णवीनं वाचलं होतं. ताईनं तिला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला नवसाबाईंचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी, ते एक बरं. "पोर बरी शे," त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "आता काही दिवस फोन नका करू."

काही दिवस म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही. ऑर्डरी कमी झाल्या. दोन-तीन जणींनी तर ठरलेल्या रद्द केल्या, म्हणाल्या, "तुमच्या साइटवर लोकांच्या घरचं बाहेर काढतात, आमच्या सुनेचा फोटो नको बाई." ताईला त्याचं काहीच वाटलं नाही. ती मागच्या खोलीतली बाज रोज झटकायची. नववा लागेल, मग येईल. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात. राग असला तरी रीत कुठं जाते, असं तिचं चाललेलं.

नववा लागला आणि निरोप आला नाही. तेव्हा ती म्हणाली, "उज्वले, चल माझ्यासंगं." मी गिरणीला कुलूप लावलं आणि गेले. डिंकाचे लाडू आणि फुलांचं खोकं मांडीवर घेऊन ती सटाण्यापर्यंत तशीच बसून राहिली.

घर मोठं. पुढच्या अंगणात चुलत घरातल्या बायका कांदा निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांचे हात थांबले, आणि आम्ही ओलांडून गेल्यावर कुजबुज सुरू झाली. नवसाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. रीतीला कुठं चुकल्या नाहीत. पण वैष्णवी बाहेर आली नाही. समोर तिच्या खोलीचं दार होतं, आणि त्याला आतून कडी.

शेखर आला. खाली बघत म्हणाला, "मावशी, मला स्वतःला काही फरक पडत नाही. मला तर माहीतच होतं. पण रोज कुणीतरी येतं आणि तिच्या तोंडाकडं बघतं. नसेल विचारायचं तरी बघतं. ती म्हणते, बाळंतपण इथंच होऊ दे, मला कुठं जायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही."

"माझ्याशीबी?"

त्यानं चहाचे कप उचलले आणि आत नेले.

ताई उठली आणि त्या दारापाशी गेली. मला वाटलं, वाजवेल. हाक मारेल. मी असते तर दार बडवलं असतं. तिनं खोकं उघडलं, मोगऱ्याची वेणी काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "वैष्णवी, मी येते गं." आतून बाज करकरली, एवढंच. आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत ती एकच वाक्य बोलली. "आपल्याकडं तिला कधी कडी लावायची सवय नव्हती." मला रडू आलं, तिला नाही.

मुलगी झाली. शेखरचा मेसेज आला, दोघी सुखरूप. फोटो नव्हता. ताईनं गल्लीत पेढे वाटले. नात कशी आहे, कुणावर गेली, बायका विचारायच्या, ती म्हणायची, "गोरी हाय." पाहिली कुठं होती! बारशाचं बोलावणं आलं नाही. बारसं होऊन गेलं, ते आम्हाला सटाण्याकडून फुलं घ्यायला येणाऱ्या एका माणसाकडून कळलं. त्यानं बाळाचं नाव सांगितलं. सई ठेवलंय म्हणाला. ताईनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि घरात गेली.

आणि तेव्हापासून तिच्या दारात कुणीच येईना. कॉमेंटीच येईनात. ती सकाळी चष्मा लावून बसायची, फोन बघायची, खाली ठेवायची. "लासलगावच्या ताईबी आल्या न्हाईत गं," म्हणायची. "बरंच झालं," मी म्हणायची, आणि म्हटल्यावर मलाच कसंतरी व्हायचं. रस्त्यापलीकडून हाक येत नव्हती, आणि गिरणीचा आवाज मला पहिल्यांदाच फार मोठा वाटायला लागला होता.

शेवटी मीच तिला चंदरकडं घेऊन गेले. साइट बिघडली असेल, म्हटलं. त्यानं फोन हातात घेतला, इकडं-तिकडं बोट फिरवलं आणि म्हणाला, "बिघडलं काही नाही. कुणीतरी बटण लावलंय. आता लिहिलेलं आधी तुमच्याकडं थांबतं. तुम्ही मंजूर केलं की मगच लोकांना दिसतं. या बघा, किती थांबल्यात."

कुणीतरी म्हणजे कोण, ते आम्हा दोघींनाही कळलं. फोन न करता, एक शब्द न बोलता, सटाण्याला बसून पोरीनं मावशीच्या घराला दार लावून दिलं होतं. राग असता तर अख्खं दुकानच बंद करून टाकता आलं असतं तिला. मी ताईला तसं म्हटलं.

चंदरनं दोन बटणं दाखवली, 'मंजूर करा' आणि 'काढून टाका'; थांबलेल्या कॉमेंटींना पासवर्ड लागत नव्हता. आम्ही घरी येऊन ओट्यावर बसलो. लासलगावच्या ताई थांबल्या होत्या, गुडघा आता बरा होता. ताईनं त्यांना आत घेतलं. आणखी चार-दोन जणींना घेतलं. मग तो निम्म्या भावाचा नंबरवाला आला. ताईचं बोट क्षणभर वर राहिलं, आणि तिनं 'काढून टाका' दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा या बाईनं कुणालातरी दारातून परत पाठवलं. मी टाळी वाजवणार होते, पण तिच्या तोंडाकडं बघून हात खाली घेतले.

सगळ्यात शेवटी एक उरली. नाव वैष्णवी. कुठल्या फोटोखाली, तर साइट सुरू केली तेव्हा तिनं स्वतःच काढलेल्या पहिल्या फोटोखाली, ओट्यावरच्या मोगऱ्याच्या वेणीच्या. लिहिलं होतं:

'तेव्हाच म्हटलं होतं ना मावशी, बटण लावू दे.'

बाकी काही नाही. बाळाचं नाही, येते नाही, ये नाही.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. ऑर्डरी हळूहळू परत येऊ लागल्यात. ताई सकाळी गुंफते, मग चष्मा लावते, एकेकीला नीट वाचते, आणि उत्तरही आता ते कायमचं वाक्य दाबून देत नाही, अक्षर अक्षर जुळवून देते. सगळं निवडून झालं तरी तिच्या फोनवर तो एकचा लाल आकडा तसाच राहतो. एक कॉमेंट मंजुरीसाठी थांबली आहे. ती रोज उघडून वाचते आणि मिटते. उत्तर लिहीत नाही. आणि हल्ली दिवे लागले, की ती दार लोटून घेते.

परवा मी चिडले. म्हटलं, "ताई, एक तर ते मंजूर कर, नाहीतर काढून टाक. रोज उठून काय तो घाव उघडून बघायचा? शिवी आहे ती, दुसरं काय आहे?"

तिनं फोन पदरानं पुसला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"ऱ्हाऊ दे गं," म्हणाली. "मावशी म्हटलंय तिनं."